तोळ्याला मीटरभर साखळी

"मीटरला अकरा ग्रॅम भरली पाह्यजे," रोशनी म्हणाली.

दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला. वर्ध्याच्या बाजारात खोट्या दागिन्यांचं त्याचं दुकान तीस वर्षं जुनं होतं. साखळी घेणाऱ्या बाया त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. कोणी लांबी सांगे, कोणी घडण दाखवे. मीटरला किती ग्रॅम, हे कोणी विचारलं नव्हतं.

"पाह्यजे किती?"

"सव्वीस मीटर."

"घरी लग्न हाय काय?"

"नाई. समुद्रातली पवनचक्की बांधाची हाय."

दुकानदार गुंजनकडे पाहू लागला. मैत्रीण शहाणी दिसते, ती काही सांगेल म्हणून. गुंजननं मान हलवली. खरं आहे म्हणाली.

रोशनीनं पिशवीतून छोटा वजनकाटा काढला. टेप काढली. एकेक साखळी मोजायला घेतली. पहिली जड भरली, दुसरी हलकी. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. सातवी साखळी बरोबर अकरा ग्रॅम भरली. दुकानदारानं मनातल्या मनात हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे जुन्या मापानं तोळ्याला मीटरभर! मंग तसं सांगाचं ना, पोरी."

गुंजन वर्ध्यालगतच्या नालवाडीची. वडिलांचं किराणा दुकान. तिनं मराठी घेऊन एम. ए. केलं होतं. रोशनी तेव्हा बोरगाव मेघेत खोली करून इंजिनिअरिंगला होती. दोघींची ओळख वाचनालयात झाली, कारण उन्हाळ्यात पंख्याखाली एकच बाक होता. पुढे रोशनी एम. टेक.साठी नागपूरला गेली. बोलणं फोनवर चालू राहिलं. रोशनी काय शिकते ते गुंजनला नीट कळलं नव्हतं. ते तिला आष्टीच्या बाजूला, धरणाच्या काठावर कळलं.

रोशनीचं गाव आष्टीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, बॅकवॉटरला लागून आहे. वडील तानबा, आई शकुंतलाबाई. दोघं भाजीपाला करतात. कारली, दोडकी, टमाटे, थंडीत मेथी. माल आष्टीच्या बाजारात जातो. पाणी धरणाचं. त्यासाठी मोटर पाण्यावर ठेवावी लागते. चार ड्रम, वर फळ्या, फळ्यांवर मोटर. असा तराफा आणि त्याला चार दोर.

रोशनी अकरा वर्षांची असताना एक गोष्ट घडली. तानबानं नवा नायलॉनचा दोर आणला आणि तराफा चारही बाजूंनी ताणून बांधला. हलू नये म्हणून. दोन दिवसांत पाणी हातभर चढलं. तराफा वर यायला बघे, दोर त्याला येऊ देईना. एक कोपरा पाण्याखाली ओढला गेला. फळ्या कलंडल्या. मोटर तळाला गेली.

लोक जमले. जो तो दोराला नावं ठेवत होता. कच्चा निघाला, पक्का घ्यायला हवा होता. पोरगी म्हणाली, "दोर तर तुटलाच नाई. लांब असता तं मोटर बुडली असती काय?"

तानबानं तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तराफ्याचे दोर तिच्याकडे आले. रोज शाळेतून आली की पाण्याचा काठ बघायचा आणि दोर वीतभर सोडायचा किंवा वीतभर ओढायचा. बारावीपर्यंत तिनं ते केलं. मोटर पुन्हा बुडाली नाही.

गुंजननं हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं, बाकीचं सगळं यातूनच आलं असणार.

बाकीचं असं होतं. समुद्रात काठाजवळ पवनचक्की उभी करायची तर खांब तळात रोवता येतो. खोल पाण्यात रोवता येत नाही. तिथं ती तरंगती ठेवतात. खाली तीन जाड पोकळ पाय, तिन्हींवर मिळून एक खांब, खांबावर पाती. तिन्ही पायांना एकेक साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक समुद्राच्या तळाला रुतवलेलं. साखळी ताठ नसते. निम्म्याहून जास्त तळावर लोळत असते. वारा चक्कीला ढकलतो, तशी साखळी तळावरून उचलली जाते. तिचं वजन चक्कीला मागे ओढतं.

"अन् एक साखळी तुटली तं?" गुंजननं विचारलं होतं.

"हाच माहा विषय हाय," रोशनी म्हणाली.

साखळ्या तुटतात. खारं पाणी त्यांना खातं, वादळ झटके देतं. एक तुटली की चक्की वाऱ्याबरोबर निघते. ती कलंडेल, की उरलेल्या दोन साखळ्या तिला कुठंतरी थांबवतील? रोशनीच्या गणिताप्रमाणे ती कलंडणार नव्हती. "साखळ्या तिले उभं नाई ठेवत," ती सांगायची. "उभं ठेवतात ते पाय. ते दूरदूर हायेत ना, म्हणून. साखळ्यांचं काम फक्त तिले दूर जाऊ न देणं."

तिच्या सरांना गणित पटलं होतं, पण तेवढ्यावर ते सही करणार नव्हते. कॉलेजातला हौद न्हाणीघराएवढा. लाट भिंतीला आपटून परत येई. चेन्नईच्या मोठ्या हौदात नंबर आठ महिन्यांनी लागत होता. सर म्हणाले, "मोकळ्या पाण्यात, मोकळ्या वाऱ्यात मला एकदा दाखव. मग प्रबंध पुढे पाठवतो. नाही दाखवलंस तर विषय बदल." विषय बदलणं म्हणजे दीड वर्ष पाण्यात. एप्रिलअखेर मुदत होती.

रोशनी म्हणाली, "मोकळं पाणी आमच्या घरी हाय, सर."

मॉडेल तिनं घरीच बनवलं. खऱ्याच्या शंभरपट लहान. पाय शेतातल्या जाड पीव्हीसी पाइपाचे, दोन्हीकडून बूच मारलेले. खांब दोन हात उंचीचा. पाती पातळ लाकडाची, कानशीनं घासून केलेली. सगळ्याचं वजन चौदा किलो. त्यातही पातीचं चाक बरोबर सहाशे ग्रॅम. आणि ती तोळ्याला मीटरभर साखळी.

सर यायच्या आदल्या दुपारी रोशनी आणि गुंजननं मॉडेल पाण्यात सोडलं. पुरुषभर खोलीच्या जागी, तराफ्यापासून थोडं दूर. रोशनी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून गेली. तिन्ही साखळ्यांची टोकं वाळूच्या पोत्यांना बांधून तळाला टाकली. वाऱ्याच्या दिशेनं दर मीटरला एक रिकामी बाटली तरंगत ठेवली. साखळी तुटल्यावर चक्की सहाव्या बाटलीच्या आत थांबेल, असं तिचं गणित होतं.

शेजारचे बाबाराव काठावर उकिडवे बसून बघत होते.

"पोरी, समुद्र तं मुंबईले हाय. तू इथं त्याची वाट काऊन पाहून राह्यली?"

"तो येनार नाई ना काका. म्हणून मीच त्याले शंभरपट लहान केला. ही चार बोटांची लाट पाहा. तिथं ती दुमजली घराएवढी."

"अन् हा वारा?"

"हे तिथलं वादळ."

बाबारावांनी उपरणं सोडून वारा अंगावर घेतला. "वादळ तं बरं वाटून राह्यलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सर आले. उंच, किडकिडीत, बोलायला कमी. शकुंतलाबाईंनी टमाट्याचं कॅरेट उलटं करून त्यावर स्वच्छ पोतं टाकलं. सर त्यावर बसले. चार वाजता त्यांची नागपूरला बैठक होती. ते त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

गुंजनचं काम सोपं होतं. खांबावर कलणं मोजणारी एक डबी होती. डबीतला आकडा गुंजनच्या हातातल्या फोनवर दिसे. दर दहा सेकंदांनी तो वहीत लिहायचा. तिनं लिहिलं, ४.१. मग ४.१. मग पुन्हा ४.१. आकडा बदलत का नाही हे विचारावं असं तिला वाटलं. पण रोशनी सरांना साखळ्यांच्या जागा दाखवत होती. गुंजन गप्प राहिली.

साखळी तोडायला रोशनीनं एक पिन बसवली होती. पिनेला मासे धरायची दोरी, दोरी काठापर्यंत. वारा आला. पाण्यावर सुरकुत्या उठल्या.

"सोडू काय, सर?"

"सोड."

तिनं दोरी ओढली. खांबाला हिसका बसला. तो सरकला नाही. जागच्या जागी फिरला, मागे रेलला आणि एका अंगावर पडला. पाती पाण्यावर आपटली. एक पातं तुटून वेगळं तरंगू लागलं. मोजून चार सेकंद लागले असतील.

बाबाराव पुटपुटले, "बुडली."

सर उठले. त्यांनी पँटला लागलेले पोत्याचे धागे झटकले. "रोशनी, तुझं गणित सांगतं थांबेल. पाणी सांगतं पडेल. मी कोणाचं ऐकू?"

"एक मिनिट, सर. मी पाहते."

ती पाण्यात शिरली. मागून तानबाही गेला. दोघांनी मॉडेल ढकलत काठाला आणलं. रोशनीनं ते उलटं केलं आणि तिचे हात थांबले.

गुंजन अगदी जवळ उभी होती, म्हणून तिला दिसलं. तिन्ही पायांना साखळीची दोन-दोन हात लांबी गुंडाळलेली होती. वर तारेची गाठ. दोन वेढे आणि टोक खालून वर खोचलेलं. गुंजननं ती गाठ काल संध्याकाळीच पाहिली होती. कारल्याच्या मांडवावर, जिथं जिथं तार खांबाला भेटते तिथं तिथं.

रोशनीनं वडिलांकडे पाहिलं नाही. ती सरांकडे वळली.

"सर, साखळ्या ताणलेल्या होत्या. त्यांना ढीलच नव्हती. चूक माझी आहे. काल सोडल्यावर आज सकाळी मी त्या मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या."

"ताणल्या कोणी?"

"ते महत्त्वाचं नाही, सर. मोजणं माझं काम होतं."

गुंजनला वहीतले आकडे आठवले. ४.१, ४.१, ४.१. बांधून टाकलेल्या जनावरासारखी चक्की एका बाजूला ओढली जाऊन उभी होती. तिला लाज वाटली. तिनं वही पुढे केली आणि म्हणाली, "आकडा हलत नव्हता. मी सांगितलं नाही."

तेवढ्यात तानबा पुढे आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"साहेब, मी ताणल्या. सकाळी मोटर चालू कराले गेलतो. पाह्यलं तं साखळ्या लोळून राह्यल्या. हातात घेतली तं सैल. म्हटलं, पोरीची परीक्षा हाय, एवढा साहेब येऊन राह्यला, अन् पोरीनं कामात कसर ठेवली. म्हणून तिन्ही ओढून घेतल्या." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "मले वाटलं, भलं करून राह्यलो."

शकुंतलाबाईंनी कपाळावर हात मारला. "मोटर लावाले पाठवलं होतं. साऱ्या जगाचे मांडव ताणाले नोतं पाठवलं."

"अव, खांब हाय ना तो! खांब म्हटलं की ताण आलाच. ढिला मांडव पाहून तूच मले बोल लावतं."

"तो मांडव जमिनीवर हाय."

रोशनी वडिलांजवळ गेली. ओल्या हातानं तिनं मागं तराफा दाखवला. तो चार सैल दोरांवर डुलत होता.

"बाबा, त्याचे दोर कधी ताणून बांधता काय?"

तानबानं तराफ्याकडे पाहिलं. मग पडलेल्या खांबाकडे. मग पुन्हा तराफ्याकडे. तेरा वर्षांपूर्वीची मोटर त्याच्या डोळ्यांसमोर आली असावी. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"हे तेच हाय?" तो हळूच म्हणाला. "माय वं. हे तं तेच हाय. उभा खांब पाहून मी फसलो."

गुंजनला त्या क्षणी रोशनीकडे बघवत नव्हतं. दीड वर्षाचं काम, एक सही, आणि ते पाडणारा माणूस स्वतःचा बाप. ओरडली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, गाठी तुमच्याच हातानं सुटतीन. मले नाई सुटत." तानबा खाली बसला आणि गाठी सोडू लागला.

सरांनी घड्याळ पाहिलं. "पातं तुटलं आहे. चाचणी पुन्हा कशी करणार?"

"दोन तास द्या, सर. पाती नसली तरी वाऱ्याला अडवणारं काहीतरी लावते. तेवढ्याच आकाराचं, तेवढ्याच वजनाचं. पण त्यातून थोडा वारा आरपार गेला पाहिजे."

तानबानं मान वर केली. "जाळी?"

"कोणती?"

"रोपावर टाकतो ते हिरवी. अर्धं ऊन अडवते, अर्धं सोडते. अर्धा वाराही सोडन."

सर पहिल्यांदा हसले. "मोठ्या प्रयोगशाळांतही अशी जाळीची चकती वापरतात. बघा."

मग जे काही झालं ते गुंजन नुसती बघत राहिली. तानबानं मांडवाची जाड तार गोल वाकवली. रोशनीनं टेपनं मोजली, थोडी मोठी म्हणाली. त्यानं कापली. जाळी तारेवर ताणून बसवली, सुतळीनं शिवली. त्याची बोटं सुईपेक्षा भरभर चालत होती. जाळीवर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. त्यानं लेकीकडे प्रश्नार्थक पाहिलं.

"हे तं ताणाचं ना?"

"हे ताणाचं," रोशनी म्हणाली.

वजन पाचशे दहा ग्रॅम भरलं. नव्वद कमी. शकुंतलाबाई घरात गेल्या. मेथीचं बियाणं आणून काट्यावर चिमटी-चिमटीनं टाकत राहिल्या. नव्वद झाल्यावर पुरचुंडी बांधली, ती चकतीच्या मागे, मध्यावर बसली.

"पेरायले ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "बुडलं तं तिथंच उगवन."

या वेळी रोशनीनं तिन्ही साखळ्या स्वतः मोजल्या. ट्यूबवर पालथी पडून, पाण्यात तोंड घालून, दोनदा. आकडा ओरडून सांगे आणि गुंजन लिही. सव्वाबारा वाजले होते. ऊन टळटळीत होतं, वारा सकाळपेक्षा पुष्कळ वाढला होता. सर आता कॅरेट सोडून पाण्याच्या काठाशी उभे होते. त्यांचे बूट ओले झाले होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

गुंजननं फोन पाहिला. २.३. मग ३.६. मग १.९. आकडा हलत होता.

"हलून राह्यला!" ती ओरडली.

रोशनीनं दोरी ओढली.

चक्की दचकली. मग निघाली. हिरवी चकती वाऱ्याकडे तोंड करून, थोडी रेलून, पाण्यावरून चालू लागली. पहिली बाटली गेली. दुसरी गेली. बाबाराव मोठ्यानं मोजू लागले. तिसरी. चौथी. गुंजन आकडे लिहीत होती, ६.२, ७.९, ७.०, आणि अक्षर वेडंवाकडं येत होतं. पाचवी बाटली गेली. चक्की अर्धवट फिरली, आता पडणार असं वाटलं. मग पाण्याखाली कुणीतरी लगाम धरावा तसा तिचा वेग कमी झाला. सहाव्या बाटलीच्या वीतभर अलीकडे ती थांबली. डुलत राहिली. उभी होती.

बाबारावांनी टाळी वाजवली. तानबानं वाजवली नाही. तो चक्कीकडे टक लावून पाहत होता.

"पुन्हा," सर म्हणाले.

दुसऱ्या वेळी ती पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये थांबली. सर म्हणाले, पुन्हा. तिसऱ्या वेळी वाऱ्याचा मोठा झोत आला. चक्की सहावी बाटली ओलांडून गेली आणि पलीकडे थांबली. फार नाही, हातभर. उभीच होती. काठावर कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. बाटली चक्कीला घासून बाजूला सरकली होती, त्यामुळे अलीकडे की पलीकडे हे सांगणं सोपं नव्हतं.

रोशनी ट्यूबवरून टेप घेऊन गेली. चक्कीच्या मूळ जागेपासून मोजलं. मग ओरडली, "गुंजन, लिही. सहा पूर्णांक चार. माह्या गणितापेक्षा जास्त."

सर तिच्याकडे पाहत होते. ती परत येईपर्यंत त्यांनी पिशवीतून कागद काढला होता. कॅरेटवर ठेवून त्यांनी सही केली.

"सर, ते सहा पूर्णांक चार..."

"ते प्रबंधात घाल. का जास्त आलं ते शोध. सहीचा आणि त्याचा संबंध नाही." मग पेन खिशात ठेवत म्हणाले, "खरं म्हणजे आहे."

चारच्या बैठकीला ते पोहोचले नसावेत. जेवून गेले. कारल्याची भाजी दोनदा घेतली.

पुढे महिनाभर रोशनी लिहीत होती. एकदा संध्याकाळी गुंजनला तिचा फोन आला. मागून मांडवाच्या तारा ओढल्याचा आवाज येत होता.

"पहिला प्रयोगही टाकला वं," रोशनी म्हणाली. "साखळ्या ताणल्या तं काय होते, ते. सर म्हणतात तोच भाग सर्वांत कामाचा हाय. पण बाबाले विचारल्याशिवाय त्यांचं नाव कसं टाकू?"

"मंग विचार ना."

तिनं फोन बाजूला धरला. गुंजनला ऐकू येत होतं.

"बाबा, पुस्तकात तुमचं नाव टाकून राह्यली. साखळ्या ताणल्या म्हणून."

"बुडवलं म्हणून?"

"होय."

तारांचा आवाज थांबला. मग तानबा म्हणाला, "टाक. झालं ते झालं. पण त्याच्या खाली एक ओळ लिहजो. मांडव मात्र ताणूनच बांधाचा. नाहीतर लोक वाचतीन अन् कारली जमिनीवर लोळतीन."

रोशनीनं ती ओळ लिहिली. शेवटच्या पानावर, आभाराच्या खाली, मराठीत.